बंदुकीकडून कॅमेऱ्याकडे : हौशी वन्यजीव छायाचित्रणाची वाटचाल

थंडीच्या दिवसांत रविवारी पहाटे पुण्याहून भिगवणकडे गेलात, तर उजनी धरणाच्या काठावर एक दृश्य हमखास दिसते. पाण्यात रोहित पक्ष्यांचे थवे आणि होड्यांमध्ये हातभर लांबीची भिंगे लावलेले डीएसएलआर कॅमेरे घेतलेली माणसे. त्यांत डॉक्टर असतात, बँकेत काम करणारे असतात, शिक्षक असतात, महाविद्यालयातले विद्यार्थी असतात. कुणाचाही हा पोटापाण्याचा व्यवसाय नाही. सगळे हौशी. तासाभरात एकेक जण चारपाचशे चित्रे सहज घेतो.

हे दृश्य आज इतके सवयीचे झाले आहे, की त्यामागे सुमारे पावणेदोनशे वर्षांचा इतिहास आहे हे सहसा लक्षात येत नाही. छायाचित्रणाचा शोध १८३९ मध्ये जगजाहीर झाला. पण मोकळ्या रानातल्या जिवंत प्राण्यापक्ष्यांची चांगली चित्रे मिळायला त्यानंतर जवळपास पन्नास वर्षे लागली. इतका उशीर का झाला? ती पहिली चित्रे कुणी घेतली? आणि या हौशी मंडळींच्या खटाटोपातून विज्ञानाच्या पदरात काय पडले? या प्रश्नांची उत्तरे शोधताना भौतिकशास्त्र, रसायनशास्त्र आणि जीवशास्त्र हे तिन्ही विषय एकाच गोष्टीत गुंफलेले आढळतात. म्हणून शिक्षकांना ही गोष्ट सांगावीशी वाटते.

मेलेले किंवा पेंढा भरलेले

फ्रान्समधील नीप्स यांनी १८२६-२७ च्या सुमारास आपल्या घराच्या खिडकीतून जे दृश्य टिपले, त्यासाठी कित्येक तास प्रकाश द्यावा लागला होता. १८३९ मध्ये दागेर यांची पद्धत प्रसिद्ध झाली, तेव्हा हा काळ काही मिनिटांवर आला. माणसाच्या मानेमागे आधार लावून त्याला स्थिर बसवता येते. चिमणीला ते कसे सांगणार? म्हणून वेल्समधील जॉन डिल्विन ल्यूलिन या हौशी छायाचित्रकाराने १८५० च्या दशकात हरणाची चित्रे घेतली, ती पेंढा भरलेले हरीण झाडीत उभे करून. आपल्याकडेही १८५४ मध्ये मुंबईत छायाचित्रकारांची संस्था स्थापन झाली होती. पण पुढची कित्येक दशके भारतातल्या वन्य प्राण्यांची चित्रे म्हणजे मुख्यतः शिकारीची चित्रे. मारलेल्या वाघाशेजारी बंदूक घेऊन उभे असलेले साहेब आणि संस्थानिक आपण जुन्या पुस्तकांत पाहतो. लॉर्ड कर्झन यांचे असे एक चित्र १९०२ मधले आहे. मेलेला वाघ हलत नाही, ही त्यातली मोठीच सोय होती.

जिवंत प्राणी टिपायचा तर प्राणिसंग्रहालयात जावे लागे. लंडनच्या प्राणिसंग्रहालयात क्वागा या झेब्र्याच्या उपजातीची एक मादी होती. तिची १८६३ ते १८७० या काळात घेतलेली पाच छायाचित्रे आज ज्ञात आहेत. १८८३ मध्ये ॲमस्टरडॅम येथे शेवटचा क्वागा मरण पावला आणि ती उपजात नामशेष झाली. जिवंत क्वागाची म्हणून जगात जी छायाचित्रे आहेत ती एवढीच. छायाचित्र हा पुरावाही असतो, हे या एका उदाहरणावरून ध्यानात येते.

कोरड्या काचेची क्रांती

१८५१ मध्ये आर्चर यांनी शोधलेल्या ओल्या कलोडियन पद्धतीत काचेवर रसायन चढवायचे, ते ओले असतानाच चित्र घ्यायचे आणि लगेच अंधाऱ्या तंबूत ते धुवायचे, अशी सगळी घाई असे. हा सरंजाम घेऊन रानात पक्ष्यांमागे हिंडणे अशक्यच. १८७१ मध्ये इंग्लंडमधील रिचर्ड मॅडॉक्स यांनी कलोडियनऐवजी जिलेटिन वापरून कोरडी काच तयार करण्याची पद्धत सुचवली. मॅडॉक्स पेशाने डॉक्टर होते आणि सूक्ष्मदर्शकातून छायाचित्रे घेणे हा त्यांचा छंद होता. १८७८ मध्ये चार्ल्स बेनेट यांनी दाखवून दिले, की हे जिलेटिनचे मिश्रण काही काळ उष्ण ठेवले तर त्याची प्रकाशाला प्रतिसाद देण्याची क्षमता कितीतरी पटींनी वाढते. आता सेकंदाच्या लहानशा भागात चित्र मिळू लागले आणि काच आधी तयार करून पेटीत नेता येऊ लागली.

याच १८७८ मध्ये अमेरिकेत एडवर्ड मायब्रिज यांनी घोड्याच्या धावेची सुप्रसिद्ध चित्रमालिका घेतली. धावपट्टीशेजारी ओळीने १२ कॅमेरे ठेवले होते. वाटेत आडव्या ताणलेल्या तारा घोड्याच्या धक्क्याने ओढल्या जात आणि एकेक कॅमेरा उघडे. धावताना एका क्षणी घोड्याचे चारही पाय जमिनीवरून उचललेले असतात, हे त्यातून सिद्ध झाले. प्राण्याने स्वतःच आपले चित्र काढून घ्यावे ही युक्ती पुढे फार उपयोगी पडली. तिच्याकडे आपण परत येणार आहोत.

मायब्रिज यांची चित्रे पाहून फ्रेंच शरीरक्रियाशास्त्रज्ञ एतिएन-ज्यूल मारे यांनी १८८२ मध्ये एक वेगळेच उपकरण बनवले. पक्ष्यांच्या उडण्याचा अभ्यास करण्यासाठी बनवलेला तो कॅमेरा अगदी बंदुकीसारखा दिसे. दस्ता खांद्याला लावायचा, नळी उडत्या पक्ष्यावर रोखायची आणि चाप ओढायचा. सेकंदाला १२ चित्रे मिळत. पक्षी मात्र आपल्या वाटेने निघून जाई.

उडता पक्षी टिपणे किती अवघड असते याचा हिशेब विद्यार्थ्यांकडून करून घेण्यासारखा आहे. सेकंदाला १० मीटर वेगाने जाणारा पक्षी १/२५ सेकंदात ४० सेंटिमीटर पुढे सरकतो, म्हणजे चित्रात नुसता पांढुरका पट्टा उमटणार. १/१००० सेकंदात तो १ सेंटिमीटर सरकतो, तर १/४००० सेकंदात अडीच मिलिमीटर. प्रकाश देण्याचा काळ असा कमी करत गेलो की प्रकाशही त्याच प्रमाणात कमी मिळतो. वन्यजीव छायाचित्रणाचा सारा तांत्रिक इतिहास म्हणजे या कमी पडणाऱ्या प्रकाशाशी चाललेली झटापट आहे, असे म्हटले तरी चालेल.

लाकडी बैल आणि त्यातला माणूस

यॉर्कशरमधील एका खेड्यातून आलेले रिचर्ड आणि चेरी कीअर्टन हे दोघे भाऊ लंडनमधील एका प्रकाशनसंस्थेत नोकरीला होते. १८९२ मध्ये चेरी यांनी एका घरट्याचे आतील अंड्यांसह छायाचित्र घेतले. ते पाहून रिचर्ड यांच्या मनात आले, की पक्ष्यांच्या घरट्यांचे एक पुस्तक चित्रकाराच्या मदतीशिवाय, केवळ छायाचित्रांनी सजवता येईल. १८९५ मध्ये ते पुस्तक निघाले. निसर्गात घेतलेल्या छायाचित्रांनीच संपूर्ण सजवलेले ते पहिले पुस्तक मानले जाते.

कीअर्टन बंधूंची खरी अडचण अंतराची होती. कॅमेऱ्यातील प्रतिमेचा आकार साधारणपणे वस्तूचा आकार गुणिले भिंगाचे नाभीय अंतर भागिले वस्तूचे अंतर, एवढा असतो. भिंगाचे नाभीय अंतर २५ सेंटिमीटर आणि २० सेंटिमीटर लांबीचा पक्षी १० मीटरवर असेल, तर काचेवर त्याची प्रतिमा जेमतेम अर्धा सेंटिमीटर येते. तोच पक्षी २ मीटरवर असेल तर प्रतिमा अडीच-तीन सेंटिमीटरांची होते. म्हणजे पक्ष्याच्या अगदी जवळ जायला हवे आणि त्याला ते कळताही कामा नये. यासाठी त्यांनी नाना प्रकारची लपणे बनवली. कधी झाडाचे पोकळ खोड, कधी मेंढी, तर कधी लाकडी सांगाड्यावर कातडे चढवलेला बैल. बैलाच्या पोटात माणूस अवघडून उभा आणि त्याच्या छातीतल्या भोकातून भिंग बाहेर! लहानपणीच्या अपघातामुळे रिचर्ड यांचा पाय अधू होता, हे ध्यानात घेतले म्हणजे या खटाटोपाचे मोल अधिक कळते.

आज पाणवठ्याजवळ किंवा माळरानावर पक्षीनिरीक्षक जे लपण उभारतात, त्याचे मूळ या बैलात आहे.

अंधारातले पाहुणे

अमेरिकेतील जॉर्ज शायरस हे वकील. १९०३ ते १९०५ या काळात ते तेथील संसदेचे सदस्यही होते. तरुणपणी त्यांना शिकारीचा नाद होता. रात्री होडीच्या टोकाला दिवा लावून सरोवराच्या काठाने हळूहळू जायचे. उजेडाने दिपून हरीण जागच्या जागी उभे राहते, तेव्हा गोळी झाडायची, अशी तिकडची एक रीत होती. शायरस यांनी होडी आणि दिवा तसाच ठेवला, बंदुकीच्या जागी कॅमेरा आणला. १८८७ मध्ये जर्मनीत मॅग्नेशियम आणि पोटॅशियम क्लोरेट यांचे मिश्रण असलेली प्रकाशभुकटी तयार झाली होती. ती पेटवली की क्षणभर लख्ख उजेड पडे. ही भुकटी मोठी धोकादायक असे; तिच्याशी खेळताना माणसे जबर भाजल्याची उदाहरणे आहेत. शायरस यांनी मायब्रिज यांच्यासारखीच आडवी दोरीही वापरली. जनावराचा पाय लागला की भुकटी पेटे आणि चित्र निघे.

जुलै १९०६ मध्ये नॅशनल जिऑग्राफिक मासिकाने त्यांची ७४ छायाचित्रे एकाच अंकात छापली. हे मासिक भूगोलाचे आहे, चित्रांच्या पुस्तकासारखे करून टाकू नका, असे म्हणत संस्थेच्या संचालक मंडळातील दोन सदस्यांनी राजीनामे दिल्याची नोंद आहे. त्याच मासिकाची पुढे जगभर ओळख झाली ती निसर्गाच्या छायाचित्रांसाठी.

भारतात ही युक्ती पूर्णत्वाला नेली एफ. डब्ल्यू. चॅम्पियन यांनी. ते त्या वेळच्या संयुक्त प्रांतात, म्हणजे आजच्या उत्तर प्रदेश-उत्तराखंडात, वनाधिकारी होते. शिवालिकच्या पायथ्याच्या जंगलात वाघाच्या नेहमीच्या वाटेवर ते कॅमेरा आणि प्रकाशभुकटी मांडून ठेवत. वाटेवर ताणलेल्या बारीक तारेला वाघाचा पाय लागला की विजेचे मंडल पूर्ण होऊन चित्र निघे. नैसर्गिक स्थितीतल्या मुक्त वाघाची जगाने पाहिलेली पहिली उत्तम चित्रे ही. १९२७ मध्ये त्यांचे पुस्तक निघाले. वाघांची चित्रे घेण्याची प्रेरणा आपल्याला चॅम्पियन यांच्या चित्रांपासून मिळाली, असे जिम कॉर्बेट यांनी नमूद केले आहे.

चॅम्पियन यांनी आपल्या चित्रांतून आणखी एक गोष्ट हेरली. कोणत्याही दोन वाघांच्या अंगावरचे पट्टे सारखे नसतात. माणसाच्या बोटांच्या ठशांसारखे ते प्रत्येकाचे वेगळे असतात. या निरीक्षणाचे महत्त्व पुरते उमगायला पुढे साठ-सत्तर वर्षे जावी लागली.

पट्ट्यांवरून वाघ मोजणे

एखाद्या पिशवीत किती वाल आहेत हे सगळे न मोजता कसे सांगाल? मूठभर वाल काढा. समजा ते ४० आहेत. त्यांवर शाईने खूण करा आणि परत पिशवीत टाकून नीट मिसळा. आता पुन्हा ५० वाल काढा. त्यांत १० खुणेचे निघाले, म्हणजे एक पंचमांश. मग पिशवीत एकूण वाल साधारण ४० च्या पाचपट, म्हणजे २०० असणार. हा प्रयोग वर्गात पंधरा मिनिटांत होतो.

वाघाच्या अंगावर खूण करावी लागत नाही, ती निसर्गानेच केलेली आहे. उल्हास कारंथ यांनी कर्नाटकातील नागरहोळे येथे स्वयंचलित कॅमेरे लावून, पट्ट्यांवरून एकेक वाघ ओळखून, याच तत्त्वावर वाघांची संख्या काढली आणि ते काम १९९५ मध्ये प्रसिद्ध केले. तोवर आपल्याकडे पंजाच्या ठशांवरून वाघ मोजत असत आणि त्यात चुकीला बराच वाव होता. पुढे ही पद्धत देशभर स्वीकारली गेली. २०१८ च्या गणनेत २६,८३८ ठिकाणी कॅमेरे लावण्यात आले. त्यांतून सुमारे ३ कोटी ४८ लाख चित्रे मिळाली. त्यांपैकी वाघांची होती ७६,६५१. चॅम्पियन यांच्या तारेचे हे नव्वद वर्षांनंतरचे रूप आहे.

आपल्याकडचे हौशी

स्वातंत्र्याच्या आगेमागे भारतात काही विलक्षण हौशी छायाचित्रकार होऊन गेले. ई. पी. जी हे आसामातील चहामळेवाले. त्यांनी १९५३ मध्ये भूतान सीमेलगतच्या जंगलात सोनेरी वानराचा माग काढला. १९५६ मध्ये या वानराचे शास्त्रीय वर्णन झाले, तेव्हा त्याच्या जातीला जी यांचेच नाव देण्यात आले. त्यांचे भारतीय वन्यजीवांवरचे पुस्तक १९६४ मध्ये निघाले; त्याला पंडित नेहरूंची प्रस्तावना आहे.

लोक वान थो हे सिंगापूरचे चित्रपट व्यवसायातील बडे उद्योजक. दुसऱ्या महायुद्धात सिंगापूर सोडताना त्यांचे जहाज बॉम्बहल्ल्यात बुडाले. ते भाजले आणि काही काळ त्यांची दृष्टी गेली. नंतर ते भारतात आले आणि मुंबईत सलीम अलींशी त्यांची मैत्री झाली. बंदूक हे त्या काळच्या पक्षीशास्त्रज्ञाचे रोजचे साधन होते. संग्रहालयासाठी नमुने गोळा केल्याशिवाय जाती ठरवता येत नसत आणि सलीम अलींनीही ते काम केलेच. सलीम अलींच्या सफरींत लोक यांनी पैसा तर घातलाच. पण आपला कॅमेराही नेला. त्यांचे पक्ष्यांच्या छायाचित्रांचे पुस्तक १९५७ मध्ये प्रसिद्ध झाले.

मद्रासचे एम. कृष्णन यांची तऱ्हा आणखी निराळी. रंगीत फिल्म सर्वत्र मिळू लागल्यावरही ते काळ्या-पांढऱ्या फिल्मवरच काम करत राहिले. वेगवेगळ्या कॅमेऱ्यांचे भाग जोडून त्यांनी स्वतःसाठी एक अवजड कॅमेरा बनवला होता आणि त्याला ‘सुपर पॉन्डेरोसा’ असे गमतीदार नाव दिले होते. १९५० पासून १९९६ मध्ये मृत्यू होईपर्यंत ते वृत्तपत्रातून निसर्गावर पंधरवड्याचे सदर लिहीत होते. या लेखनातून एक गोष्ट शिकण्यासारखी आहे. चित्र घेण्याआधी त्यांनी त्या प्राण्याकडे पुष्कळ वेळ नुसते पाहिलेले असे.

रोल संपला, संवेदक आला

या सर्वांना एक काटकसर पाळावी लागे. ३५ मिलिमीटरच्या एका रोलमध्ये ३६ चित्रे. रोल महाग, तो धुणे महाग आणि चित्र कसे आले ते कळणार आठवड्याने. एका भिंगातूनच पाहायचे आणि त्यातूनच चित्र घ्यायचे, असे आरसा बसवलेले कॅमेरे १९३६ पासून ३५ मिलिमीटर फिल्मसाठी मिळू लागले होते. १९५९ मध्ये आलेल्या निकॉन एफ या कॅमेऱ्यानंतर ते जगभर पसरले. लांब पल्ल्याच्या भिंगातून नेमके काय दिसते आहे, ते आता छायाचित्रकाराला चित्र घेण्याआधी डोळ्यांनी पाहता येऊ लागले.

पुढची क्रांती प्रयोगशाळेतून आली. १९६९ मध्ये अमेरिकेतील बेल प्रयोगशाळेत बॉइल आणि स्मिथ यांनी सीसीडी हा अर्धवाहक संवेदक शोधला. त्याबद्दल त्यांना २००९ चे नोबेल पारितोषिक मिळाले. सिलिकॉनवर प्रकाशकण पडला की एक इलेक्ट्रॉन मोकळा होतो. असे इलेक्ट्रॉन छोट्या छोट्या कप्प्यांत साठवून मोजले की चित्र तयार होते. फिल्मवर पडणाऱ्या प्रकाशकणांपैकी जेमतेम काही टक्के चित्र घडवायला उपयोगी पडत. चांगल्या संवेदकात हे प्रमाण निम्म्याच्या आसपास किंवा त्याहून अधिक असते. प्रकाशाच्या टंचाईवरचा हा आजवरचा सर्वांत मोठा उपाय म्हणायला हवा. १९७५ मध्ये कोडॅकमधील स्टीव्हन सॅसन यांनी बनवलेल्या पहिल्या डिजिटल कॅमेऱ्याला एक चित्र कॅसेटवर नोंदवायला २३ सेकंद लागत. १९९१ मध्ये निकॉनच्या कॅमेऱ्यावर बेतलेला कोडॅकचा पहिला व्यावसायिक डीएसएलआर आला. १९९९ मध्ये निकॉन डी-१ आला आणि २००३ मध्ये कॅननने हजार डॉलरच्या आतला डीएसएलआर बाजारात आणला. तिथून हौशी माणसाला हे दार उघडले. अलीकडच्या काही वर्षांत बहुतेक कंपन्या आरसा नसलेल्या कॅमेऱ्यांकडे वळल्या आहेत. पण आपल्याकडच्या पाणवठ्यांवर डीएसएलआर अजून भरपूर दिसतात आणि शिकणाऱ्याला ते पुरेसे आहेत.

डिजिटल कॅमेऱ्याने आणखी एक मोलाची गोष्ट दिली. प्रत्येक चित्रासोबत तारीख, वेळ, भिंगाचे नाभीय अंतर आणि प्रकाश देण्याचा काळ हे सर्व आपोआप नोंदले जाते. याचे महत्त्व किती, ते पुढच्या दोन गोष्टींवरून कळेल.

खोटी चिठ्ठी आणि खरे चित्र

वनपिंगळा हा छोटा पिंगळा १८७२ मध्ये मध्य भारतात पहिल्यांदा मिळाला आणि काँग्रेसच्या स्थापनेमुळे आपल्याला ठाऊक असलेल्या ॲलन ह्यूम यांनी १८७३ मध्ये त्याचे वर्णन केले. त्यानंतर १८८४ पर्यंत मोजकेच नमुने गोळा झाले. त्यांतले काही जेम्स डेव्हिडसन या सनदी अधिकाऱ्याने खानदेशात मिळवले होते. पुढे रिचर्ड माइनर्टझहागेन या ब्रिटिश पक्षीसंग्राहकाने, आपण हा पक्षी १९१४ मध्ये गुजरातेत मिळवला, असा दावा केला. अभ्यासक त्या भागात शोध घेत राहिले आणि हात हलवत परतले. १९९० च्या दशकात अमेरिकन पक्षीशास्त्रज्ञ पामेला रासमुसेन यांनी संग्रहालयातले नमुने बारकाईने तपासले, तेव्हा उघड झाले, की तो नमुना डेव्हिडसन यांचाच होता. संग्रहालयातून चोरून, नव्याने शिवून, त्यावर खोटी चिठ्ठी लावलेली होती.

ती खोटी चिठ्ठी बाजूला ठेवून रासमुसेन आणि त्यांचे सहकारी जुन्या खऱ्या नोंदींच्या ठिकाणी गेले. नोव्हेंबर १९९७ मध्ये शहाद्याजवळच्या सातपुड्याच्या पायथ्याशी त्यांना वनपिंगळा दिसला. ११३ वर्षांनी! पुराव्यासाठी त्यांनी त्याला मारले नाही. छायाचित्रे आणि व्हिडिओ चित्रण घेऊन ते परतले आणि जगाने तो पुरावा मान्य केला. नंतर मेळघाटात आणि २०१४ मध्ये थेट मुंबईजवळच्या तानसा अभयारण्यातही हा पक्षी आढळला.

दुसरी गोष्ट पुण्यातल्या एका खगोलशास्त्रज्ञाची. रमण अत्रेय हे राष्ट्रीय रेडिओ खगोलभौतिकी केंद्रात काम करत आणि पक्षीनिरीक्षण हा त्यांचा छंद होता. अरुणाचल प्रदेशातील ईगलनेस्ट अभयारण्यात १९९५ मध्ये त्यांना एक अनोळखी पक्षी ओझरता दिसला. तो पुन्हा दिसला २००५ मध्ये. मे २००६ मध्ये त्यांनी जाळ्यात दोन पक्षी पकडले, मोजमापे घेतली, छायाचित्रे काढली, गळालेली पिसे जपून ठेवली आणि पक्षी सोडून दिले. तोवर त्यांना फक्त १४ पक्षी आढळले होते. त्यातला एकही मारणे त्यांना परवडणारे वाटले नाही. तरीही ‘बुगुन लिओसिक्ला’ ही नवी जात शास्त्राने स्वीकारली. कीटकांसारख्या गटांत अजूनही नमुन्याशिवाय काम भागत नाही, हे खरे. पण शायरस यांनी होडीत जे केले, त्याची शंभर वर्षांनी प्रयोगशाळेच्या दारापर्यंत झालेली ही प्रगती आहे.

कॅमेरा निरुपद्रवी आहे का?

बंदूक गेली, कॅमेरा आला, आता सारे कुशल, असे मात्र समजू नये. मी महाविद्यालयात असताना आमच्या आवारातल्या जास्वंदीवर लाल बुडाच्या बुलबुलाने घरटे केले होते. पिल्ले नीट दिसावीत म्हणून मी पुढच्या दोन फांद्या सुतळीने बाजूला बांधल्या, ३६ चित्रांचा अख्खा रोल संपवला आणि फांद्या सोडायला विसरलो. दुसऱ्या दिवशी घरटे रिकामे होते. कावळ्याने पिल्ले नेली ती माझ्यामुळेच, हे मी सिद्ध करू शकत नाही. पण त्या दोन फांद्या तिथे का होत्या, हे बुलबुलाला माझ्याहून चांगले कळत होते. तो रोल उत्तम आला होता. ती चित्रे मी कुणाला दाखवत नाही.

आज अनेक स्पर्धा घरट्यावरची चित्रे स्वीकारत नाहीत, ते याचसाठी. ध्वनिमुद्रित आवाज वाजवून पक्ष्याला बोलावणे, चित्रासाठी आमिष टाकणे, थवा उडावा म्हणून होडी त्यात घालणे, वाघाभोवती गाड्यांचा वेढा घालणे, या गोष्टींनी प्राण्याचा वेळ आणि शक्ती खर्च होते. हजारो किलोमीटरचा प्रवास करून आलेल्या पक्ष्याला ती परवडत नाही. दुर्मिळ पक्ष्याच्या घरट्याचे नेमके ठिकाण जाहीर करणेही घातकच.

शाळेत काय करता येईल?

यासाठी शाळेकडे डीएसएलआर असलाच पाहिजे असे नाही. असला तर उत्तम. नसला तर शिक्षकाच्या खिशातला मोबाइल पुरतो. आवारातले एक झाड निवडावे. वर्षभर दर आठवड्याला त्याच जागेवरून, त्याच वेळी त्याचे एक चित्र घ्यावे. पालवी, मोहर, फळे, पानगळ आणि त्यावर येणारे कीटक-पक्षी यांची टिपणे सोबतच्या वहीत लिहावीत. वहीत चार गोष्टी हव्यातच : तारीख, वेळ, ठिकाण आणि प्राणी काय करत होता. ओळख पटली नाही तर तसे लिहावे. अंदाजाने नाव लिहू नये. माइनर्टझहागेनच्या चिठ्ठीने संशोधकांना कित्येक वर्षे भलत्या वाटेला लावले होते, हे मुलांना जरूर सांगावे.

अशा नोंदी वाया जात नाहीत. भारतातील पक्ष्यांच्या स्थितीविषयीचा २०२३ चा अहवाल सुमारे ३० हजार पक्षीनिरीक्षकांच्या ३ कोटी नोंदींवर उभा आहे आणि त्यांतले बहुसंख्य हौशीच आहेत. कुणी आपल्या गावच्या तळ्यावर दर रविवारी जातो, कुणी शाळेच्या गच्चीवरून घारी मोजतो. तुमच्या वर्गातल्या एखाद्या मुलीची वही त्यांत पुढेमागे सामील होऊ शकेल. तिला कॅमेरा हाती देताना भिंगे, झडप, प्रकाश हे सगळे शिकवावेच. पण त्याआधी दहा मिनिटे नुसते पाहायला सांगावे. आणि फांदी बांधायची नाही, हेही सांगावे.